३५० चा जुना ब्लॉक ठेवू की नवा घेऊ? ड्रॅगच्या गाडीसाठी ब्लॉक निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की गाडी ड्रायव्हरसकट ३२०० पौंड आहे, शेवरोलेचा ३५० क्यूबिक इंची स्मॉल ब्लॉक (ब्लॉक म्हणजे सिलिंडर आणि क्रँक ज्यात बसतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा) टू-बोल्ट मेनचा, म्हणजे क्रँक धरणारी प्रत्येक मेन कॅप दोन बोल्टांची, असा पडून आहे, ड्रॅग रेसला, म्हणजे उभ्या जागेवरून सरळ पळताना, पाव मैल साडेदहा सेकंदात काढायचाय, पुढच्या सीझनला १५० हॉर्सपॉवरचा नायट्रस (इंजिनाला जास्तीचा ऑक्सिजन देणारा वायू) लावायचा विचार आहे, आणि आता हाच ब्लॉक बोअर करून (सिलिंडर थोडे मोठे कापून) वापरू, की फोर-बोल्टवाला शोधू, की ४०० चा घेऊ, की एलएसचा (शेवरोलेच्या नव्या घराण्यातला) बिडाचा सहा लिटर घेऊ, की सरळ आफ्टरमार्केट (दुसऱ्या कंपनीने रेससाठी बनवलेला) घेऊ. मी गेली बावीस वर्षं ड्रॅगचीच इंजिनं बांधतोय, या पाचही वाटांनी गेलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक हिशोब करून टाका, बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. गाडीचं वजन पौंडात, भागिले हॉर्सपॉवर, त्याचं घनमूळ काढा आणि ५.८२५ ने गुणा, पाव मैलाचा वेळ साधारण तेवढा येतो (टायर पकडतायत आणि गिअरिंग बरोबर आहे असं धरून). ३२०० पौंडाला ४०० हॉर्सपॉवर असेल तर ११.६५ सेकंद. साडेदहाला ५४५ च्या आसपास लागतात. आता त्यात तुमचा १५० चा नायट्रस मिळवा, म्हणजे झाले ७०० च्या जवळ, आणि गाडी जाणार ९.६७ ला. म्हणजे तुम्हाला वाटतंय आपण साडेदहाचं इंजिन बांधतोय, पण ब्लॉकला तर साडेनऊ-पावणेदहाचा मार खायचाय. ब्लॉक निवडताना आजची पॉवर नाही, शेवटची पॉवर धरायची. हेड बदलता येतात, कॅम बदलता येतो, कार्ब्युरेटर तर अर्ध्या तासात बदलतो, पण ब्लॉक बदलायचा म्हणजे बोअर बदलला, पिस्टन गेले, रिंगा गेल्या, मशीन शॉपचं सगळं काम परत पहिल्यापासून. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की बजेट कमी असेल तर हेडवर कमी करा, कॅमवर कमी करा, ब्लॉकवर करू नका.

दुसरी गोष्ट, ब्लॉक मरतो कशाने हे नीट समजून घ्या कारण दोन वेगवेगळे रोग आहेत आणि लोक दोन्हीला एकच औषध देतात. एक रोग आरपीएमचा. पिस्टन खाली जाऊन थांबतो आणि परत वर वळतो तेव्हा त्याची ओढ क्रँकमधून कॅपला खाली ढकलत असते, आणि ही ओढ आरपीएमच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६५०० वरून ७५०० ला गेलात तर आरपीएम वाढले १५ टक्के पण ओढ वाढली ३३ टक्के. हा मार मेन कॅप आणि ब्लॉकच्या खालच्या वेबवर (कॅप जिला बोल्टने बसते ती आतली आडभिंत) बसतो. दुसरा रोग सिलिंडरमधल्या दाबाचा, नायट्रस किंवा टर्बो लावला की हा येतो, आणि हा मार सिलिंडरच्या भिंतींवर, डेकवर (हेड बसतं ती वरची सपाट बाजू) आणि हेडच्या बोल्टवर बसतो, शिवाय दाबाबरोबर डेटोनेशन (इंधन जळण्याऐवजी एकदम भडकणं) आलं तर विचारूच नका, हातोड्याने ठोकल्यासारखा ब्लॉक फुटतो. बिननायट्रसच्या ८००० आरपीएमच्या इंजिनाला कॅप आणि वेब आधी बघायचे, नायट्रस-टर्बोवाल्याला भिंतीची जाडी आणि डेक आधी बघायचं. तुम्हाला दोन्ही थोडं थोडं लागणारे.

आता तुमचा ३५०. हा १९५५ साली २६५ क्यूबिक इंचाने सुरू झालेल्याच घराण्यातला, दोन बोअरमधलं अंतर तेव्हापासून ४.४० इंच, डेकची उंची ९.०२५ इंच, आणि ३५० चा बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.४८. चांगला ब्लॉक आहे, वाईट बोलणार नाही, ५०० हॉर्सपॉवर आणि साडेसहा हजार आरपीएमपर्यंत नीट तयार केलेला असेल तर वर्षानुवर्षं चालतो. त्याच्या पुढे मात्र तो रोज थोडा थोडा मरत असतो. हे कसं कळतं? इंजिन खोलल्यावर मेन कॅप काढा आणि कॅप जिथे ब्लॉकवर बसते ती जागा बघा, तिथे करडे, घासल्यासारखे चकचकीत डाग दिसले तर कॅप हलतेय, आणि एकदा हलायला लागली की बेअरिंग जातं, मग क्रँक जातो, मग बाकी सगळं.

फोर-बोल्टबद्दल लोकांच्या डोक्यात फार पक्कं बसलंय की चार बोल्ट म्हणजे दुप्पट ताकद. तसं नाहीये. फॅक्टरीच्या फोर-बोल्टमध्ये बाहेरचे दोन बोल्ट सरळ खाली वेबच्या बारीक भागात जातात आणि कॅप बिडाचीच असते. त्यापेक्षा टू-बोल्टचाच ब्लॉक घेऊन मधल्या तीन मेनला स्टीलच्या स्प्लेड कॅप बसवल्या, म्हणजे ज्यांचे बाहेरचे बोल्ट तिरके होऊन ब्लॉकच्या जाड भागात शिरतात, तर तो फॅक्टरीच्या फोर-बोल्टपेक्षा भारी होतो. म्हणून नुसत्या चार बोल्टसाठी दुसरा जुना ब्लॉक शोधत फिरू नका, त्यात काही हशील नाही. पण एक ध्यानात ठेवा, कॅप बदलल्या की लाइन बोअरिंग (सगळ्या मेन बेअरिंगची भोकं एका रेषेत कापणं) आलंच, आणि लाइन बोअरिंगमध्ये जास्त मटेरियल वरून काढलं गेलं तर क्रँक कॅमच्या दिशेने सरकतो आणि टायमिंग चेन ढिली पडते, मग कमी लांबीचा चेन सेट शोधत बसावं लागतं. नुसते बोल्ट काढून मेन स्टड टाकले तरी बोअरचा आकार बदलतो, तेव्हाही मोजायचंच, गरज पडली तर लाइन होन करायचं.

आणि आता या सगळ्यातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, सोनिक टेस्ट, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंतीची जाडी मोजणं. बीड ओतताना आतला वाळूचा कोअर थोडा जरी सरकला तरी सिलिंडरची एक भिंत जाड आणि समोरची पातळ होते, बाहेरून बघून हे कुणालाही कळत नाही, मलाही कळत नाही, आणि कास्टिंग नंबर बघूनही कळत नाही. एकाच नंबरचे दोन ब्लॉक एक उत्तम आणि एक भंगार असे मी स्वतः मोजलेत. म्हणून सोनिक टेस्टरने प्रत्येक सिलिंडर चारही बाजूंनी, वर मध्ये आणि खाली मोजायचा. दाब जिथे पडतो ती भिंत जाड पाहिजे, आणि ती कुठली ते लक्षात ठेवायला सोपं आहे, इंजिन समोरून बघा, क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरतोय, पॉवर स्ट्रोकला पिस्टन तुमच्या डाव्या हाताकडच्या भिंतीवर रेलतो. ती भिंत शेवटचं बोअरिंग झाल्यावर मला नायट्रसच्या इंजिनात २०० थाऊ पाहिजे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मशीन शॉपवाले तसंच बोलतात), १८० पर्यंत मी मान्य करतो, बाकीच्या बाजूंना १५० च्या खाली नको. आणि थाऊ मोजताना बोअरिंगमध्ये किती जाणार तेही धरा, ३० थाऊ ओव्हरसाइज म्हणजे प्रत्येक बाजूची भिंत १५ थाऊने कमी होते, ३० ने नाही, इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

हे एवढं पोटतिडकीने का सांगतोय, कारण मी एकदा हे केलं नाही. ४०० चा ब्लॉक होता, विकणारा म्हणाला एकदम स्टँडर्ड बोअर आहे, कधी मशीनवर चढलाच नाही, आणि ते खरंही होतं, बोअर स्टँडर्डच निघाला. सीझन तोंडावर आलेला, सोनिक टेस्टसाठी दोन दिवस थांबायला लागलं असतं, मी थांबलो नाही, ३० थाऊ बोअर करून बांधला. पहिला वीकेंड सुंदर गेला. दुसऱ्या वीकेंडला नायट्रसवर तिसऱ्या पासला एक्झॉस्टमधून पांढरी वाफ, खोलून बघितलं तर पाच नंबरच्या सिलिंडरला व्हॅलीकडच्या (दोन्ही बाजूंच्या सिलिंडरमधली खोलगट जागा) भिंतीला उभी चीर, पाणी आत. नंतर तो ब्लॉक कापूनच बघितला, चिरेच्या जागी भिंत शंभर थाऊसुद्धा नव्हती. गाडी माझी नव्हती, ज्याची होती त्याने वर्षभर पैसे साठवलेले. त्याचं इंजिन मी माझ्या खर्चाने परत बांधून दिलं पण त्याचा सीझन गेला तो गेलाच. तेव्हापासून मोजल्याशिवाय एकही ब्लॉक बोअरिंगला लावत नाही, कितीही ओळखीचा माणूस असू दे.

सोनिकबरोबर चिरा बघायच्या, बिडाच्या ब्लॉकला मॅग्नाफ्लक्स (चुंबक आणि लोखंडाच्या भुकटीने चीर दाखवणारी तपासणी), अ‍ॅल्युमिनियमला ते चालत नाही कारण ते चुंबकाला दाद देत नाही, तिथे डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा रंग) आणि प्रेशर टेस्ट. जुन्या ब्लॉकबद्दल असंही म्हणतात की तो मुरलेला असतो, हजारो वेळा तापून थंड झालेला असल्याने ओतकामातला ताण निघून गेलेला असतो आणि बोअर जागचा हलत नाही, त्यात तथ्य आहे, पण मुरलेला म्हणजे जाड नव्हे.

४०० च्या ब्लॉकचं सांगतो, बोअर ४.१२५ मिळतो म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण तो बोअर मिळवण्यासाठी सिलिंडर एकमेकांना चिकटवलेत, मधे पाणी नाही, त्यामुळे वाफ निघायला हेडला स्टीम होल पाडावी लागतात, आणि भिंती पातळ, ३० थाऊच्या पुढे जायला जागाच नसते बहुतेकांत. यातला फॅक्टरी फोर-बोल्ट तर टू-बोल्टपेक्षा नाजूक समजतात, कारण मेन जर्नल (क्रँकचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) मोठं, २.६५ इंच, आणि उरलेल्या वेबमध्ये परत जास्तीची भोकं. चांगला ४०० आता सापडणं कठीण, सापडला तरी तो ७०० हॉर्सपॉवरला नको.

मग स्ट्रोकर, म्हणजे जास्त स्ट्रोकचा क्रँक टाकून इंजिन मोठं करणं. ३५० ब्लॉक ३० थाऊ बोअर आणि ३.७५ चा स्ट्रोक टाकला की ३८३ होतो, हे सगळ्यांना माहितीये. खाली पॅनच्या कडेला रॉडच्या बोल्टसाठी थोडं घासावं लागतं, कॅमशी अंतर तपासावं लागतं, बाकी सोपं काम. पण याच्याकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. ५४५ हॉर्सपॉवर ३५५ मधून (३५० ला नुसता ३० थाऊ बोअर केल्यावर एवढे इंच होतात) काढायचे तर प्रत्येक क्यूबिक इंचाला दीडच्या वर पडतात, त्यासाठी आरपीएम वर न्यावे लागतात आणि आरपीएमची ओढ कॅपवर येते हे वर लिहिलंच आहे. तेच ४.१२५ बोअर आणि ३.७५ स्ट्रोक घेतला तर ४०१ क्यूबिक इंच होतात, तीच पॉवर इंचाला १.३६ ने मिळते, आरपीएम खाली राहतात, आणि मोठ्या बोअरमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या भिंतीपासून लांब राहिल्याने हेडला श्वास घ्यायला मोकळीक मिळते. मोठा ब्लॉक आळशी चालवून पॉवर काढणं हे छोटा ब्लॉक पिळून काढण्यापेक्षा कधीही टिकाऊ. पण हे ४०१ तुमच्या ३५० ब्लॉकमध्ये होत नाही, तेवढं लोखंडच नाही त्याच्यात.

म्हणून आफ्टरमार्केट बिडाचा ब्लॉक. डार्टचा एसएचपी, त्याच्या वरचा लिटल एम, वर्ल्ड प्रॉडक्ट्सचा मोटाउन, ही नावं तुम्ही ऐकलेली असतीलच. यांच्यात तुम्हाला मिळतात जाड भिंती, जाड डेक, स्प्लेड फोर-बोल्ट कॅप, आणि लिटल एमसारख्या ब्लॉकमध्ये प्रायॉरिटी मेन ऑइलिंग म्हणजे तेल आधी मेन बेअरिंगला आणि मग लिफ्टरला, ७००० च्या वर याने फार फरक पडतो. घेताना दोन गोष्टी विचारून घ्या, मेन जर्नल ३५० च्या मापाचं आहे का ४०० च्या (मला २.४५ चं लहान आवडतं, बेअरिंगचा पृष्ठवेग कमी राहतो), आणि मागचं सील दोन तुकड्यांचं का एका, कारण १९८६ पासून शेवरोलेने एका तुकड्याचं केलं आणि दोन्हीचे क्रँक वेगळे. आणि हे ब्लॉक खोक्यातून काढून बांधायचे नसतात! बोअर मुद्दाम काही थाऊ लहान ठेवलेला असतो, होनिंग तुम्ही करायचं, कडा घासायच्या, तेलाच्या गॅलरीत ब्रश घालून धुवायचं, लिफ्टरचे बोअर मोजायचे. नवीन आहे म्हणून बरोबरच असेल असं धरून कुणी चालू नये.

एलएसबद्दल. १९९७ ला कॉर्व्हेटमध्ये एलएस१ आला तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली, मीसुद्धा, पण ब्लॉक म्हणून तो जुन्या स्मॉल ब्लॉकच्या फार पुढे आहे हे मान्य करायलाच पाहिजे. ब्लॉकची बाजू क्रँकच्या खालपर्यंत उतरते आणि प्रत्येक मेन कॅपला चार उभे आणि दोन आडवे असे सहा बोल्ट, कॅप हलायचा प्रश्नच मिटतो. ट्रकमधला बिडाचा सहा लिटर, एलक्यू४ किंवा एलक्यू९, बोअर ४ इंच, टर्बो लावून फॅक्टरी ब्लॉकवर हजारच्या आसपास हॉर्सपॉवर काढणारे भरपूर आहेत. त्याचा कच्चा दुवा वर आहे, जुन्या स्मॉल ब्लॉकला प्रत्येक सिलिंडरभोवती हेडचे पाच बोल्ट, एलएसला चार, त्यामुळे जास्त बूस्टला हेड उचललं जातं आणि गॅस्केट जातं, म्हणूनच शेवरोलेच्या एलएसएक्स ब्लॉकमध्ये सिलिंडरला सहा बोल्ट दिलेत. तुम्ही शून्यापासून सुरुवात करत असता, किंवा टर्बो लावणार असता, तर डोळे मिटून बिडाचा सहा लिटर घ्या म्हणालो असतो. पण तुमची गाडी आधीच जुन्या स्मॉल ब्लॉकवर उभी आहे, माउंट, ऑइल पॅन, हेडर, इग्निशन सगळं बदलावं लागेल, नायट्रसच्या १५० साठी एवढा खटाटोप मला पटत नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा मोह सगळ्यांना होतो कारण पुढच्या चाकांवरचं ८०-१०० पौंड वजन जातं. पण अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे गरम झाल्यावर मेन बेअरिंगचा क्लिअरन्स वाढतो, व्हॉल्व्ह लॅश वाढतो, आणि थंड असताना सगळं घट्ट, म्हणून अशा इंजिनाचं तेल आधी गरम करूनच सुरू करतात. बिडाचा ब्लॉक बोअरचा आकारही जास्त चांगला धरून ठेवतो. अ‍ॅल्युमिनियमचा खरा फायदा दुरुस्तीत आहे, रॉड बाहेर आला तरी वेल्डिंग होतं, स्लीव्ह बदलता येते. दर वीकेंडला इंजिन खोलणाऱ्यांना तो परवडतो. तुम्हाला नको.

ब्लॉक फिल करायचा का हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढे विचारालच. पाण्याच्या जागेत खालून अर्ध्यापर्यंत, वॉटर पंपच्या भोकांच्या खाली, ग्राउट ओततात, त्याने सिलिंडर खालून पक्के होतात. टॉप फ्युएलच्या (ड्रॅगचा सगळ्यात वेगवान वर्ग) ५०० क्यूबिक इंची अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये तर पाण्याची जागाच नसते, चार सेकंदांचा खेळ. फक्त स्ट्रिपवर चालणाऱ्या गाडीला अर्धा फिल चालतो, तेल थोडं जास्त तापतं एवढंच. मात्र ग्राउट बोअरिंगच्या आधी भरायचं, मेन कॅप टॉर्क करून ठेवायच्या, पूर्ण सुकू द्यायचं आणि मगच मशीनवर घ्यायचा, नाहीतर बोअर नंतर वाकडा होतो. आणि पातळ भिंतीवर हा इलाज नाही, पातळ भिंत वरच्या भागात फुटते जिथे ग्राउट पोचतच नाही.

दुसरी इंजिनं घेऊन बसलेल्यांसाठी दोन ओळी. फोर्डचा ३०२ फॅक्टरी ब्लॉक ५०० च्या आसपास व्हॅलीतून उभा दुभंगतो, हे इतक्या वेळा झालंय की त्याच्यावर वाद नको, ३५१ विंडसर घ्या, डेक साडेनऊ इंच, मेन ३ इंची, कितीतरी दणकट. टोयोटाचा २जेझेड बिडाचा, क्लोज्ड डेक, सात मेन बेअरिंग, बोअर-स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर, त्याच्या ब्लॉकची काळजी करण्याआधी बाकीचं बरंच काही तुटेल. आणि स्टॉक किंवा सुपर स्टॉकसारख्या क्लासमध्ये पळणार असाल तर कुठला ब्लॉक चालतो ते नियमांतच असतं, आधी ते वाचा, ब्रॅकेट रेसिंगला (आपला वेळ आधी सांगून पळायची रेस) कुणी विचारत नाही.

तर तुमच्यासाठी माझं मत सरळ आहे. नायट्रस नक्की लावणारच असाल तर ४.१२५ बोअरचा आफ्टरमार्केट बिडाचा ब्लॉक घ्या, ३.७५ चा फोर्ज्ड क्रँक, ४०१ करा आणि ६८०० च्या वर नेऊ नका. त्यासाठी एक सीझन थांबावं लागलं तरी थांबा. नायट्रस नक्की नसेल, साडेदहा-अकरावर समाधान असेल, तर तुमचाच ३५० सोनिक टेस्टला न्या, आकडे चांगले आले तर स्प्लेड कॅप टाकून ३८३ करा आणि नायट्रसची बाटली विसरून जा.

कुठलाही घेतलात तरी होनिंग टॉर्क प्लेट लावूनच करून घ्या, म्हणजे हेड घट्ट बसल्यावर सिलिंडरचा जो आकार होतो त्या आकारात होन होतं, आणि जो स्टड आणि जे गॅस्केट इंजिनात लावणार तेच प्लेटला लावायला सांगा. डेक क्रँकच्या मध्यरेषेपासून चारही कोपऱ्यांत मोजून घ्या. पिस्टनची ऑर्डर हे आकडे हातात आल्यावरच द्या, कारण डेक घासून किती उंची राहिली त्यावर पिस्टनची कम्प्रेशन हाइट ठरते, आणि पिस्टन आधी मागवून ठेवणारे लोक मग डेक पिस्टनप्रमाणे कापायला लागतात. तुमच्या ३५० चं सोनिक झालं की आठही सिलिंडरचे आकडे मला पाठवा, कुठल्या बाजूचा कुठला ते लिहून, बघून सांगतो किती बोअर झेपेल.